दुआ करा, पण दवाखान्यातही न्या

रमजानचा तिसरा रोजा सुटला होता. मगरीबची नमाज आटोपून आम्ही मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात खाडीकडच्या वाडीतून एक पोरगा धावत आला. 'लवकर चला, भाईला असर झालाय.' आम्ही चार-पाच जण गेलो. पस्तिशीतला धडधाकट गडी पडवीतल्या खांबाला मिठी मारून बसला होता. हात थरथरत होते, सदरा घामाने चिंब झाला होता. भिंतीवर नसलेले किडे तो बोटाने दाखवत होता आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या बापाशी बोलत होता. आई तस्बीह ओढत रडत होती. कुणी दम केलेले पाणी आणले, कुणी लोबान पेटवला, कुणी पलीकडच्या गावच्या आमिलला फोन लावला. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मात्र हळूच विचारले, 'रमजानमध्ये सैतान कैदेत असतो म्हणता ना? मग हा कोण?'

कुणी उत्तर दिले नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. तो गेली आठ-नऊ वर्षे रोज पीत होता आणि चांदरातीला त्याने बाटली ठेवली होती. दर वर्षी ठेवायचा. आधीच्या वर्षांत नुसते हात कापायचे, झोप उडायची, चिडचिड व्हायची. 'रोजा लागलाय' म्हणून घरचे सोडून द्यायचे. या वेळी ते तिथे थांबले नाही.

रात्री अकरा वाजता त्याला झटका आला, तोंडाला फेस आला, तेव्हा आम्ही त्याला रिक्षात घातला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, 'पितो का?' आई म्हणाली, 'आमच्या घरात कुणी पीत नाही.' डॉक्टरने आमच्याकडे पाहिले. आम्ही माना डोलावल्या. दाढीवाले, टोपीवाले, शिकलेले, संघटनेत काम केलेले, सगळे. डॉक्टर तापाचे, मेंदूज्वराचे तपास लिहू लागला. पाऊण तास तसाच गेला. शेवटी दाराआडून त्याची बायको पुढे आली. सासूसमोर, जमातीच्या लोकांसमोर तिने सांगितले, 'रोज एक क्वार्टर. सुट्टीला दोन. तीन दिवसांपासून बंद आहे.' डॉक्टरने लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

तो वाचला. रमजानच्या रात्री, रोजा सोडलेल्या तोंडाने, मरणाच्या दारातल्या माणसाबद्दल खोटी साक्ष दिली ती आम्ही. हा लेख त्या साक्षीबद्दल आहे.

आधी आजाराबद्दल, कारण तेच आम्हाला माहीत नसते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची इतकी सवय झालेली असते की ती एकदम तोडली तर मेंदू बेलगाम होतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी थरथर, घाम, उलट्या, कुणाकुणाला फिटसारखा झटका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास सुरू होतात. किडे, मुंग्या, मेलेली माणसे दिसतात, वेळ-काळाचे भान जाते, ताप चढतो. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि इलाज झाला नाही तर माणूस यात मरतो. इलाज मात्र साधा आहे. ठरावीक गोळ्या आधी पुरेशा आणि मग रोज थोड्या कमी करत द्यायच्या, ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने, पाणी, झोप, शांत खोली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हे होऊ शकते. म्हणजे ज्या दोन-तीन रात्री आम्ही 'असर' समजून लोबान जाळत बसतो, नेमक्या त्याच रात्री दवाखान्यात असायला हव्यात. रमजानसाठी दारू सोडणे नेक काम आहे. पण रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरला विचारून सोडायची असते, आणि शाबानमध्येच विचारायचे असते.

दारू हराम आहे, यावर आमचा कुणाशी वाद नाही. वाद त्यापुढच्या वाक्याशी आहे. 'हराम आहे, म्हणून मुसलमान पीत नाही, म्हणून आमच्यात हा प्रश्न नाही.' हे वाक्य आम्ही वाजामध्ये ऐकतो, पेपरात लिहितो, हिंदू मित्रांना अभिमानाने ऐकवतो. आणि मग जो पितो त्याच्यासाठी जागाच उरत नाही. तो मुसलमान असेल तर पिणारा नाही आणि पिणारा असेल तर मुसलमान नाही. मधल्या मध्ये तो बंदराच्या मागे, गॅरेजच्या माळ्यावर, हायवेच्या ढाब्यावर पितो आणि तोंडात वेलची घालून घरी येतो.

ज्यांना दीनचा दाखला हवा त्यांनी एवढे आठवावे की कुरआनात दारूची मनाई एका रात्रीत आली नाही. आधी सांगितले गेले की तिच्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे. मग सांगितले गेले की नशेत नमाजजवळ येऊ नका. त्यानंतर पूर्ण मनाई आली. वर्षानुवर्षे सवय लागलेल्या माणसांना अल्लाहने पायरी-पायरीने बाहेर काढले. आमची जमात त्या माणसाला एक बैठक देते. बैठकीत तो रडत तौबा करतो, सगळे समाधानाने चहा पितात आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा दिसला की म्हणतात, 'याच्यात ईमानच नाही.' साखरेचा आजार झालेल्या माणसाने जलेबी खाल्ली म्हणून त्याचे इन्सुलिन बंद करा, असे आम्ही कधी म्हटले नाही. गुनाहचा हिशोब वरचा मालिक करील. थरथरणाऱ्या हाताचा हिशोब इथे, आमच्याकडे आहे.

त्या माणसाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. दवाखान्यातून आल्यावर ईदनंतरच्या बैठकीत त्याला दंड झाला. का, तर जमातीची बदनामी झाली. तो नऊ वर्षे प्यायला तेव्हा बदनामी झाली नव्हती, बायकोने डॉक्टरला खरे सांगितले तेव्हा झाली. बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले. दोन महिने त्या घरी कुणी दावत घेऊन गेले नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, तो धर्म बघत नाही आणि जमातीलाही लागू होतो. पण त्या घराने तक्रार केली नाही. कुणाविरुद्ध करणार? मयतीला खांदा द्यायला तीच माणसे येणार.

बायकांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यांच्या दुखण्याला आम्ही आजार तर नाहीच, गुनाहसुद्धा म्हणत नाही. 'साया' म्हणतो आणि मोकळे होतो. कोकणातल्या किती घरांत नवरा वीस-वीस वर्षे आखातात आहे. दोन वर्षांनी दोन महिने येतो. मागे बाई, सासू-सासरे, पोरे, बंद खोल्यांचे मोठे घर आणि दुपार. तिला झोप येत नाही, भूक लागत नाही, कशात जीव रमत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही, छातीत धडधडते. ती सांगते, 'बरं वाटत नाही.' आम्ही तिला तावीज देतो. फरक पडला नाही तर मोठ्या दर्ग्यावर नेतो, तिथे तिची 'हाजिरी' भरते, ती केस मोकळे सोडून घुमते, ओरडते, वर्षभरात जे बोलता आले नाही ते सगळे कुणा दुसऱ्याच्या आवाजात बोलते. चार दिवस हलके वाटते. पाचव्या दिवशी तेच घर, तीच दुपार. ती ओरडते तेव्हा काय ओरडते, ते आम्ही ऐकतो का? ऐकत नाही. आम्ही जिनचे नाव विचारतो.

बाळंतिणीचे तर फार वाईट होते. चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत बाई झोपेनाशी झाली, संशय घेऊ लागली, बाळाकडे बघेना किंवा बाळाबद्दल भलतेच बोलू लागली, की घरातल्या मोठ्या बायका उशाखाली सुरी ठेवतात आणि खोलीचे दार लावतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणारा हा तीव्र मानसिक आजार डॉक्टरांना चांगला ओळखू येतो. तो औषधाने बरा होतो. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, म्हणून एक दिवसही थांबायचे नसते. आणि आम्ही त्या उशाखाली सुरी ठेवतो!

आता दर्ग्यांबद्दल. इथे आमच्यातल्या दोन्ही बाजू आमच्यावर नाराज होतील, होऊ द्या.

2001 साली 6 ऑगस्टच्या पहाटे तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे आग लागली. तिथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या एका खासगी 'आश्रमा'त मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. झापांच्या शेडला आग लागली आणि बांधलेल्यांना पळता आले नाही. 28 माणसे मेली. दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक येतात, तशी मेलेली माणसेही एकाच धर्माची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, तो 29 मे 2018 पासून लागू झाला आणि त्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे त्याने गुन्हा ठरवले. म्हणजे ज्या आमिलने त्या रात्री फोनवर 'मी येईपर्यंत बांधून ठेवा' असे सांगितले, तो सल्ला कायद्याच्या विरुद्ध होता. आम्ही दोरी शोधत होतो.

पण आमच्यातल्या सुधारकांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. दर्ग्यावर जाणारे अडाणी, असे लिहायला सोपे. आम्हीही लिहिले आहे. मात्र रात्री दोन वाजता, ज्या घरात तरुण पोरगा 'टीव्हीतला माणूस माझ्याबद्दल बोलतो' असे म्हणत काच फोडतो आहे, त्या घराला आम्ही कुठला पत्ता दिला? दर्ग्याचे दार उघडे असते. तिथे कार्ड काढावे लागत नाही, फॉर्मवर धर्म लिहावा लागत नाही, मुजावर बसवून घेतो, ऐकून घेतो, सोबत आलेल्या आईलाही जेवण मिळते. सरकारी ओपीडीत एका डॉक्टरपुढे शंभर माणसांची रांग असते आणि त्याला एका रुग्णासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात. आई दर्ग्यावर जाते यात तिची अक्कल कमी नाही. तिला तिथे माणूस भेटतो. आम्ही तलाकवर, सच्चर समितीवर, नोकऱ्यांवर, आरक्षणावर परिसंवाद भरवले, भरवायलाच हवे होते. परिसंवाद संपल्यावर मागच्या खुर्चीतला एखादा गृहस्थ बाजूला घेऊन विचारायचा, 'सर, माझ्या मुलाचं जरा डोकं फिरलंय, कुणी ओळखीचा डॉक्टर?' आम्ही त्याला 'बघतो' म्हणायचो.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. असर उतरवण्यासाठी महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात, हे सांगायला नको. 2008 च्या सुमारास तिथे 'दवा आणि दुआ' नावाचा प्रयोग सुरू झाला. दर्ग्याच्याच आवारात मानसोपचारतज्ज्ञ बसू लागला आणि मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. मुजावर दुआ देतो आणि सांगतो, आता त्या खोलीत जाऊन गोळीही घे. सुरुवातीला मुजावरांना वाटले आपली रोजी जाईल. तसे झाले नाही. लोक दुआलाही येत राहिले आणि गोळ्याही घेऊ लागले. पुढे एरवाडीलाही ही वाट धरली गेली. आमच्याकडे, मिरजेपासून हाजी मलंगपर्यंत, ज्या ज्या दर्ग्यावर आजारी माणसे आणली जातात तिथे गुरुवारी एक टेबल आणि एक डॉक्टर का बसू नये? विश्वस्तांना हे विचारणारे पत्र पाठवायला कुठलाही कायदा आड येत नाही.

ज्यांना हे परके वाटते त्यांना आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. दमास्कसमध्ये 1154 साली नूरुद्दीनने रुग्णालय बांधले, कैरोमध्ये 1284 साली सुलतान कलावूनने. या बीमारिस्तानांत मनोरुग्णांसाठी वेगळे दालन असे आणि सारा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. एदिर्नेला 1488 मध्ये दुसऱ्या बायजीदने उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांना संगीत ऐकवत. त्याच्याही आधी, 934 मध्ये वारलेल्या अबू जैद अल-बल्खीने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख हे वेगळे आजार आहेत, असे त्याने त्यात मांडले. इब्न सीनाचे नाव आम्ही शाळांना देतो, हकीम म्हणून मिरवतो. त्याच्यानंतर हजार वर्षांनी त्याचे नाव लावणाऱ्या मोहल्ल्यात कारण नसलेल्या दुःखाला नाव एकच, असर.

वक्फच्या जमिनी गिळल्या गेल्या, कुणी गिळल्या, हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे. पण जे हातात आहे त्याचे काय? मशिदीखालची दुकाने, मदरशाचा सकाळनंतर रिकामा राहणारा हॉल, शादीखान्याची बाजूची खोली. आठवड्यातून दोन तास एका समुपदेशकाला एक खोली मिळाली तर कुणाचे उत्पन्न बुडणार आहे? जकातीबद्दल उलेमांना विचारा. गरीब आजाऱ्याच्या इलाजाला ती देता येते, हे सांगायला त्यांना किताब उघडावी लागणार नाही. किडनीच्या रुग्णासाठी आमच्या जमातीने एका जुम्याला रुमाल फिरवून पैसे उभे केले, ते आम्ही पाहिले आहे. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहण्याचा खर्च त्याहून पुष्कळ कमी असतो. त्यासाठी रुमाल फिरत नाही, कारण आजाराचे नाव मोठ्याने घेता येत नाही.

तरुण पोरांचे सांगायचे तर दारू हा जुना शत्रू झाला. आता खोकल्याचे कोडीनवाले औषध आहे, व्हाइटनर आणि सोल्युशन हुंगणारी पोरे आहेत, मालेगावकडे 'कुत्ता गोली' म्हणून ओळखली जाणारी अल्प्राझोलामची गोळी आहे आणि एमडी आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. 2015 पर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नव्हते, त्या वर्षी आले. तोवर त्याची पुडी मोहल्ल्यात पोचली होती. 'शराब नाही पीत, नुसती गोळी खातो' असे सांगणारा पोरगा आणि ते ऐकून निर्धास्त होणारा बाप, दोघेही आमचेच. इथे एक भीती खरी आहे आणि ती आम्ही नाकारत नाही. कुठे माल पकडला आणि आरोपीचे नाव मुसलमानाचे निघाले की टीव्हीवर आठवडाभर साऱ्या मोहल्ल्याचे चित्र दाखवले जाते. बापाला वाटते, केंद्रात नेले तर नाव पोलिसात जाईल, नाव पोलिसात गेले तर पोरगा गेला. म्हणून तो गप्प बसतो. तर बापाने हे ऐकावे. उपचाराला नेणे हा गुन्हा नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच 64-अ हे कलम आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचा. हे कलम आमच्या वकील मित्रांनी जुम्याच्या खुतब्याआधी पाच मिनिटे समजावून सांगितले तर किती घरांतले दिवे लागतील.

मदत कुठे आहे, हे आता स्पष्ट सांगतो. मानसिक आजारासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. नशेसाठी 14446. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली मनोरुग्णालये जुनी आहेत. 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणून त्यांना हसणारे आम्ही, आत जाऊन किती जणांनी पाहिले? पुण्याचे मुक्तांगण 1986 मध्ये डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला आर्थिक बळ दिले. तिथे स्त्रियांसाठीही वेगळी सोय आहे. घरचे लोक 'तिथे आपली माणसं नसतील' असे म्हणतात. व्यसनाला जात नसते, वॉर्डातल्या खाटेलाही नसते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आहेत. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. काही सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात आणि सुरुवातीला प्रार्थना होते म्हणून आमचे लोक बिचकतात. त्यात कुणाही एका धर्माचा देव नाही, आपापल्या समजुतीप्रमाणे वरच्या शक्तीला हाक मारायची असते. आमच्या त्या गड्याने तिथे अल्लाह म्हटले. कुणी वळूनही पाहिले नाही.

खबरदारीही सांगायला हवी. हायवेला बोर्ड लावून बसलेली काही केंद्रे मारतात, कोंडतात, घरच्यांना भेटू देत नाहीत. मानसिक आरोग्याच्या राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का आणि डॉक्टर कोण आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा. 'नवऱ्याच्या नकळत जेवणातून द्या, दारू सुटेल' अशी जाहिरात भिंतीवर, रेल्वेच्या डब्यात चिकटवलेली असते. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टर ते देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. आणि ज्यांच्या घरात मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी रमजानमध्ये त्या परस्पर बंद करू नयेत. पुष्कळ गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. लिथियमसारख्या काहींना दिवसभर पाणी न पिणे सोसत नाही. ते डॉक्टरने ठरवायचे. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द दीनने दिली आहे, ती काढून घेणारे आम्ही कोण?

हा आजार आमच्यातच आहे आणि बाकीचे सुखी आहेत असे कुणी समजू नये. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत इलाज पोचतच नाही. 2019 साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांतल्या एकालाच कुठलीतरी मदत मिळते. हे साऱ्या देशाचे आकडे आहेत. उरलेल्या 37 मध्ये सगळ्या जातिधर्मांचे लोक आहेत. फरक इतकाच की शेजारच्या आळीतला शिंदे पितो तेव्हा त्याची बायको निदान चार बायकांत रडते. आमच्यात ती रडतही नाही, कारण आमच्यात कुणी पीत नाही.

आत्महत्येबद्दल मुद्दाम शेवटी लिहितो, कारण लिहिताना हात थांबतो. ती हराम आहे म्हणून आमच्यात होत नाही, असे आम्ही म्हणतो. होते. मग 'पाय घसरून विहिरीत पडली' होते, 'स्टोव्हचा भडका' होतो. जनाजा पढायचा की नाही यावर कुजबुज होते आणि त्या भीतीने घरचे खरे कारण मातीआड करतात. 2017 च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता प्रचंड ताणाखालचा माणूस मानले आहे आणि त्याची देखभाल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नशेमुळे आलेली मानसिक अवस्थाही याच कायद्याने मानसिक आजारात धरली आहे. ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावरून शरीयत नमाज-रोज्याची जबाबदारीही उचलून घेते, हे मक्तबमध्ये आम्ही सगळे शिकलो. मग जबाबदारी कुणावर आली? सभोवतीच्या शहाण्यांवर. म्हणजे आमच्यावर.

तो गडी आता दीड वर्ष प्यालेला नाही. मध्ये एकदा घसरला होता, तीन दिवस. बायकोने लपवले नाही, केंद्रात फोन केला. डॉक्टर म्हणाले, घसरण आजाराचाच भाग आहे, परत या. तो परत गेला. पहिल्या रांगेत अजून उभा राहत नाही, मागे, चपलांजवळ उभा राहतो. आम्हीही त्याला अजून कुणी पुढे बोलावलेले नाही.

गेल्या शाबानमध्ये आम्ही एक कागद टाइप करून घेतला. वर 14416 आणि 14446, खाली जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीचे वार आणि एक ओळ, 'रोज पिणाऱ्याने रमजानसाठी सोडताना आधी डॉक्टरला भेटावे.' मशिदीच्या फलकावर जमातीच्या वेळांशेजारी तो लावा, अशी विनंती केली. सेक्रेटरीसाहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, बाहेरगावचे पाहुणे येतात, वाचतील, काय समजतील? ईद होऊ द्या, मग बघू. ईद झाली. बकरी ईदही झाली. कागद आमच्या खिशात आहे.